मारुतीच्या पायापर्यंत

आमच्या गावात घर बांधायचं झालं की गवंड्याच्या आधी मारुतीला विचारायचे. विचारायचे म्हणजे, मारुतीच्या ओट्यावर त्याच्या पायाशी सुतळीचं एक टोक धरायचं आणि दुसरं टोक ओढत ओढत घराच्या जागेवर आणायचं. मध्ये बांबू रोवायचे. प्रत्येक बांबूपाशी गवंडी आपली पाणसळ लावायचा. पाणसळ म्हणजे खोबण कोरलेली लांब लाकडी पट्टी. खोबणीत पाणी ओतायचं, पाणी दोन्ही टोकांना सारखं उभं राहिलं की सुतळी सरळ आहे असं समजायचं. अशा रीतीनं मारुतीच्या पायांची उंची घराच्या जागेवर आली की तिथं खूण करायची आणि जोतं त्या खुणेच्या वर एक वीत घ्यायचं. पैनगंगेला कितीही पूर आला तरी पाणी मारुतीच्या पायांना लागतं आणि परत जातं, असं गाव मानत होतं. हे पाहिलं कोणी, असं विचारायची सोय नव्हती. ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं. रीत एवढी काटेकोर, गवंडी एवढा पक्का, पाणसळ बोटभरसुद्धा चुकायची नाही, आणि तरी माझ्या आठवणीत आमचं घर दोनदा पाण्यात बसलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं, वय झालं तरी.

दुसऱ्यांदा बसलं तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. माझ्या आधी आमच्या घरात कोणी सही केलेली नव्हती. बाबांच्या अंगठ्याला शाई लागायची ती पुसायला माय राख द्यायची. त्या घरातला मी बी.ए. झालो, हे मी कोणाला सांगायला लाजत नाही आणि तेव्हा तर मुळीच लाजत नव्हतो. पुराची खबर मला शाळामास्तरांच्या कार्डावरून कळली. सर्व सुखरूप, घर गेले, अभ्यास सोडू नये. एवढंच. परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा माणसं शेजारच्या गोठ्यात राहत होती, आणि गोठ्यात शिरायच्या आधी नाकाला वास लागला. धान्याच्या पेवात पाणी शिरलं होतं. ज्वारी काढली, वाळवली, पुन्हा वाळवली, पण ती काळी पडलेली ती पडलीच. त्या ज्वारीची भाकरी थापली की कडेनं फाटायची आणि तव्यावर टाकली की ओल्या गोणपाटासारखा वास सुटायचा. वर अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा, म्हणजे वास दबावा. मी अमरावतीच्या खानावळीत गव्हाची पोळी खाऊन आलेला, पहिला घास तोंडात फिरायला लागला तसं मायनं पाहिलं आणि म्हणाली, "खा लेका. आम्ही सहा महिने हेच खाऊन राह्यलो."

पुराच्या दिवशी माय आणि माझी पोटुशी वहिनी धाब्यावर चढून बसल्या होत्या. आमच्याकडे छत सपाट मातीचं, त्याला धाबं म्हणतात. खाली भिंती विरघळत होत्या आणि या दोघी वर. दादानं त्यांना दोर टाकून शेजारच्या कडुनिंबावर ओढून घेतलं आणि मागे धाबं बसलं. हे मायनं मला एकदाच सांगितलं, तेही ज्वारी निवडता निवडता. मग म्हणाली, "मले काही मोठं नाही पाह्यजे. एकडाव माह्यं पीठ कोरडं राहू द्या, बस." तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. वहिनीचं बाळ आता पाळण्यात होतं, आणि मृगाच्या आत घर उभं करायचं होतं. कुठं? तर त्याच जागेवर. किती उंच? मारुतीच्या पायांवर एक वीत.

मी म्हटलं, बाबा, पाणी पायांच्या वर गेलं ना? गेलं. मग? बाबा शांतपणे म्हणाले, "त्या वर्सी ओटीले उशीर झाला." आमच्याकडे पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की बायका नदीची ओटी भरतात, खण, नारळ, हळदकुंकू. पहिला मान पाटलीणबाईंचा. त्या वर्षी पाटलीणबाईंनी न्हाऊन यायला वेळ लावला, तोवर नदी थांबली नाही, असं सगळ्या गावाचं मत. सगळ्या म्हणजे सगळ्या. चाळीस घरं बसली होती आणि पारावर वाद कशाचा, तर पाटलीणबाई न्हायला गेल्या तेव्हा पाणी पहिल्या पायरीवर होतं की दुसऱ्या. पाटलांचे लोक म्हणत पहिल्या, बाकीचे म्हणत दुसऱ्या. मी एक महिना ऐकलं. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं, पण भिंतही राहिलेली नव्हती.

मग मी शहाणपणा सुरू केला. शाळेतली पाटी आणली, खडूनं नदी काढली, गाव काढलं, पाऊस वरच्या अंगाला पडला की पाणी कसं चढतं, अरुंद जागी कसं तुंबतं, हे पारावर उभं राहून समजावलं. जोतं कमीत कमी पुरुषभर उंच हवं, दगडाचं हवं, नाही तर जागा बदला. लोकांनी ऐकून घेतलं. पाटलांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "नारायन," ते म्हणाले, "तुह्या पाटीवर नदी मोठी शहानी दिसते रे. इकडे यिऊन जराशी आमच्या नदीले सांग ना." सगळा पार हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "बी.ए. झाला तं आता पान्याची शाळा घेऊन राह्यला." बाबाही हसले. ते हसले याचा राग मला किती दिवस होता ते सांगत नाही.

घरी बाबांचंही तेच. "पुरुषभर जोतं? म्हातारपनी तुही माय शिडी चढन का बे?" "जागा बदला म्हणतो मी." "कुठी बदलू? वावरात जाऊ?" "टेकाडावर." "टेकाडावर काय हाय? खड्डे हायेत." यात मात्र ते खरं बोलत होते. गावाच्या मधोमध पांढऱ्या मातीचं टेकाड होतं. आमच्या भागात पांढरी माती म्हणजे भिंतीचं सोनं; काळ्या मातीची भिंत दोन पावसाळ्यांत फाटते, पांढरीची उभी राहते. त्यामुळे ज्याला घर बांधायचं त्यानं टेकाडावर जायचं, खणायचं आणि माती खाली आणून भिंती घालायच्या. अशा किती पिढ्या गेल्या असतील देव जाणे. मी गेलो तेव्हा टेकाडाला मध्येच मोठी खाण पडलेली आणि भोवती काठ तेवढा उरलेला. म्हणजे गावात एकच उंच जागा, तीच खणून खणून सगळ्यांनी सखल जागेवर घरं बांधली. मला हे तेव्हा इतकं उघड दिसत नव्हतं, हेही कबूल करतो. पाटीवर टेकाड काढायला मी विसरलोच होतो.

आमच्या कामावर उस्मानचाचा होते. गावचे गवंडी, साठीच्या पुढचे, तोंडात सदा विडी पण पेटवलेली क्वचित. सकाळपासून त्यांची हातोडी डबरावर टक् टक् वाजायची. ती ऐकली की मायला बरं वाटायचं. मी त्यांच्या मागेही लागलो होतो. पाया रुंद घ्या, दगड मोठे घ्या, जोतं वर घ्या. ते प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणायचे आणि आपल्याच मनाचं करायचे. मारुतीपासून सुतळी ओढून झाली, खूण झाली, जोत्याचा पहिला थर बसला. एका दुपारी माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, "चाचा, चाळीस वर्षं ही सुतळी ओढून राहिले तुम्ही. चाळीस वर्षं घरं बसून राहिली. तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की हा मारुतीच चुकीच्या जागी आहे?"

मी रागानं बोललो होतो, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण उस्मानचाचांची हातोडी थांबली. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, विडी कानावर ठेवली आणि म्हणाले, "तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"का मारुती खाली आनला म्हून."

मग त्यांनी सांगितलं. मारुती आधी टेकाडावर होता. लोक माती खणत खणत त्याच्या ओट्याखाली गेले, ओटा अधांतरी लटकला. तेव्हाच्या पाटलांना, म्हणजे आताच्या पाटलांच्या आजोबांना, दृष्टांत झाला की देवाला नदीजवळ यायचं आहे. गुरवानं देव उचलून आणला. खालचा नवा ओटा चाचांच्या वडिलांनी रचला, आणि चाचा तेव्हा पोरवयाचे, चिखलाचा गारा तुडवायला होते. "जुन्या वट्याचा एक चिरा अजून हाय काठाले. जाऊन पाहा."

"अन् हे तुम्ही आजवर बोलले नाही?"

"कोनाले बोलू, नारायनभाऊ? पाटलाले देव सपनात दिसला. त्याच्यात गवंड्यानं तोंड घालाव का? आमचे अब्बा म्हने, मालकानं जिथून दोरी धराले सांगतली तिथून धराची, पानसळ आपली खरी पाह्यजे." मग हातोडी उचलत म्हणाले, "अन् तुमी तरी इचारलं कवा? महिनाभर तुमी सांगूनच राह्यले ना."



आम्ही दोघं टेकाडावर गेलो. खाणीच्या काठाला, रानबोराच्या झुडपात, काळा घडीव चिरा होता. त्यावर शेंदराचा थर, खडूसारखा सुटलेला. तिथून खाली मारुतीपर्यंत चाचांनी पाणसळ लावत लावत माप घेतलं. उंची भरली चार हात. म्हणजे देव चार हात खाली आला आणि "पाणी पायांपर्यंतच येतं" हे वाक्यही त्याच्याबरोबर चार हात खाली आलं. देव हलवला हे लोक विसरले. वाक्य तेवढं राहिलं. आणि त्या वाक्याला सुतळी बांधून दोन पिढ्या घरं बांधत होत्या, बोटभर न चुकता!

माझा पहिला विचार पारावर जाऊन ओरडावं असाच होता. पाटी घेऊनच. पण मग चाचांचं काय झालं असतं? पाटलांच्या आजोबांचं स्वप्न खोटं, असं गवंड्यानं म्हटलं, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मेहकरच्या बाजारात पोचली असती, आणि चाचांना गावात पुन्हा काम मिळालं नसतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटलं आणि फक्त बाबांना टेकाडावर नेलं. त्यांनी चिरा पाहिला. उकिडवे बसले, बोटानं शेंदूर खरवडला. खाणीत पाहिलं. मग हात करून म्हणाले, "तो कोपरा दिसते का? तो म्या खंदला. पह्यलं घर बसलं तवा. तुह्या मायले दाखवू नको." आणि उठून चालायला लागले. मी मागून विचारलं, आता काय करायचं? तर म्हणाले, "गप राह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, कपाळाला शेंदूर लावून, सरळ पारावर गेले. मी मागे होतोच. पाटलांसमोर हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "पाटील, मले दृष्टांत झाला. मारुतीराया म्हने, माही जुनी जागा टेकाडावर ओस पडली, तिथी दिवा नाही का बत्ती नाही. सखाराम, तू तिथी राह्याले जाय अन् दिवा लाव."

मग जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. सगळ्यांना एकदम आठवलं! "हो हो, माही आजी म्हने, वरतं जागा होती म्हून." "जुना वटा होता ना तिथी, मले मालूम हाय." पाटील तर गहिवरले, आजोबांनंतर गावात देव बोलला होता. तिथल्या तिथं जागा दिली. जोत्याचे दगड वर चढवायला वीस माणसं आली, दोन गाड्या आल्या, कोणी एका शब्दानंही कारण विचारलं नाही. मी महिनाभर घसा फोडला, पाटी झिजवली, तेव्हा हसले. आणि बाबांचं एक स्वप्न, न पाहिलेलं! घरी आल्यावर मी विचारलं, "खरंच आला होता का मारुती?" बाबा म्हणाले, "तुले काय कराचं? तुले जागा पाह्यजे होती ना?" मरेपर्यंत त्यांनी याच्यापुढे एक अक्षर सांगितलं नाही. कॉलेजात चार वर्षं जे मला शिकवलं नाही ते त्यांनी एका सकाळीत केलं, हे मान्य करायला मला पुढं वीस वर्षं लागली.

घर झालं. जुन्या चिऱ्याच्या वर एक वीत, चाचांची पाणसळ यावेळी खऱ्या जागेवरून. चिरा जोत्यात दर्शनी बाजूला बसवला आणि माय तिथं रोज दिवा लावू लागली. बाबांनी मला खाणीचा काठ दगडानं बांधायला लावलं, आणि "इथून कोनी माती नेली तं मारुती पाह्यते" असं सांगून ठेवलं. तेवढ्यावर भागलं.

भाद्रपदात पूर आला, सकाळी, न्याहारीच्या वेळेला. पाटलीणबाई या वेळी पहाटेच न्हाऊन बसल्या होत्या. पहिल्या पायरीला पाणी लागायच्या आत ओटी भरली. नदीनं खण घेतला, नारळ घेतला, सुपासकट घेतलं आणि वर आली. मारुतीचे पाय गेले, मांड्या गेल्या, दुपारी नुसतं शेंदरी डोकं दिसत होतं. मग ते पाटील, ते मागून बोलणारे, ते पहिली पायरी आणि दुसरी पायरी, सगळे पोरंबाळं, शेळ्या, गाठोडी घेऊन आमच्या जोत्यावर. उस्मानचाचांच्या घरचेही. पाय ठेवायला जागा नाही. आणि आत माय भाकरी थापत होती. बाहेर पाण्याचा तो घोंघावणारा आवाज, कुठं भिंत बसल्याचा धप्पकन आवाज, आणि त्यात आतून एकसारखं थप् थप्, थप् थप्. डेऱ्यातलं पीठ कोरडं ठणठणीत होतं. नव्या ज्वारीचं नव्हतं, उसनं आणलेलं होतं, पण कोरडं. ती एकेकाच्या हातावर भाकरी ठेवत होती आणि प्रत्येकाला तेच सांगत होती, "घ्या, कोरड्या पिठाची हाय." पाटलीणबाईंनाही हेच सांगितलं. त्यांनी मान खाली घालून घेतली.

पाणी संध्याकाळी थांबलं. चिऱ्याला टेकलं, दिव्याची काजळी धुतली, आणि परत फिरलं. म्हणजे मारुतीच्या पायांना लागलं आणि परत गेलं. गावाचं खरं होतं की हो! मी नाही का म्हणतो? चाचांनी दुसऱ्या दिवशी छिन्नीनं चिऱ्यावर पाण्याची रेघ कोरली. आणि ज्यांची घरं बसली त्यांनी पुन्हा, खालच्या मारुतीपासून, सुतळी ओढली. मी पाया पडून सांगितलं, या वर, टेकाडाच्या काठाला जागा आहे. म्हणाले, "आमाले कुठी दृष्टांत झाला?" हसावं की रडावं! थोडे आले पुढं पुढं, हळूहळू. बाकीचे त्याच जागी.

ही गोष्ट इथंच संपवणार होतो. पण मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो. दादाच्या मुलानं, पाळण्यातल्या त्याच बाळानं, जो आता स्वतः आजोबा झाला आहे, नवं सिमेंटचं घर बांधलं. टेकाडावर गाडी चढत नाही म्हणून खाली, रस्त्याला लागून. जुनं पाडलं. घर खरंच सुरेख आहे. दाराशी, उंबऱ्याच्या बाजूला, कोनाडा करून त्याला पांढऱ्या फरश्या लावल्या आहेत, आणि कोनाड्यात आमचा चिरा. रेघेवर शेंदूर, वर हार. मला हात धरून दाखवलं, अभिमानानं. "काका, आजोबांचा दगड टाकला नाही बरं. पानी या रेघेच्या वर जात नाही."

मी बसलो. त्याच्या सुनेनं पाणी दिलं, प्यायलो. मग म्हटलं, पाणसळ आण. तो म्हणाला, आता कोण वापरते काका, गवंड्यांकडे नळी असते, पारदर्शक, पाणी भरलेली. म्हटलं, तीच आण, लांबातली लांब, आणि एक टोक तू धर. दुसरं टोक घेऊन मी टेकाडावर चढलो. मला किती वेळ लागला ते महत्त्वाचं नाही. जुन्या जोत्याची एक ओळ अजून जमिनीत आहे. चिरा जिथं होता तिथं मी नळी टेकवली. खालून तो ओरडला, "काका, इकडे पानी सांडून राह्यलं!"

"वर घे."

त्यानं छातीपर्यंत घेतली. सांडतच होतं. डोक्याच्या वर घेतली. "अजून सांडते, काका."

"अजून घे. थांबेपर्यंत घे."

त्याच्या मुलानं स्टूल आणलं. तो स्टुलावर चढला, एका हातानं दाराची चौकट धरली, दुसरा हात सरळ वर. सून आतून बाहेर आली आणि त्याच्या हाताकडे पाहत राहिली. हात चौकटीच्या वर गेला होता, घराचं नाव कोरलं होतं त्याच्याही वर.

"इथं?" त्यानं विचारलं.

"तिथं," मी म्हटलं. "आता खूण कर."